खाण नसलेली खाण कंपनी: रेअर अर्थच्या शेअरमध्ये पैसे घालण्याआधी काय वाचायचं

४ एप्रिल २०२५ रोजी चीननं सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम ही त्यांची नावं. तोवर ती रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेर कुणी फारशी ऐकली नव्हती. तीन महिन्यांत झळ पुण्यापर्यंत पोचली. मोटरमधली चुंबकं मिळाली नाहीत तर इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन थांबू शकतं, असं बजाज ऑटोनं जुलैमध्ये जाहीरपणे सांगितलं.

अशी बातमी आली की ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या काही चिमुकल्या कंपन्यांचे शेअर आठवड्याभरात दुप्पट-तिप्पट होतात. यूट्यूबवर ‘पुढचं सोनं’ म्हणून त्यांची नावं फिरतात, आणि परदेशी शेअर मोबाइलवरून घेता येत असल्यामुळे आपल्याकडचे लोकही विचारायला लागतात की घ्यावेत का. धातूची गरज खरी आहे. मात्र अशा कंपनीचा शेअर त्या गरजेवर चालत नाही. तो कंपनीच्या बँकेतल्या शिलकीवर, जमिनीत पाडलेल्या भोकांच्या निकालावर आणि नंतर प्रयोगशाळेत धातू दगडातून सुटतो की नाही, यावर चालतो.

रेअर अर्थ म्हणजे काय

ही एकूण १७ मूलद्रव्यं आहेत. नावात ‘रेअर’ असलं तरी पृथ्वीच्या कवचात ती तशी दुर्मिळ नाहीत. त्यातलं सिरियम तर जवळपास तांब्याइतकं आढळतं. अडचण वेगळीच आहे. ती एका जागी दाट सापडत नाहीत, आणि सापडली तरी सगळी एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे आहेत की एकेक वेगळं काढायला द्रावकांच्या टाक्यांमधून शेकडो टप्पे पार करावे लागतात. हे वेगळं काढण्याचं काम जगात सुमारे ९० टक्के चीनमध्ये होतं. चीनची खरी पकड इथे आहे, खाणीत तेवढी नाही.

सतरापैकी पैसा मुख्यतः चौघांत आहे: चुंबकासाठी निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम, आणि चुंबक तापल्यावरही टिकावं म्हणून लागणारे डिस्प्रोशियम आणि टर्बियम. लँथेनम आणि सिरियम ढिगानं निघतात, पण त्यांना किलोला एक-दोन डॉलरच्या आसपासच भाव असतो. हे लक्षात ठेवा, पुढे हिशोबात लागेल.

ज्युनिअर कंपनीकडे नेमकं काय असतं

या धंद्यात खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपनीला ‘ज्युनिअर’ म्हणतात. तिच्याकडे खाण नसते, विक्री नसते, नफाही नसतो. एखाद्या पट्ट्यात शोध घेण्याचा परवाना, मोजके भूवैज्ञानिक आणि बँकेत काही लाख डॉलर एवढीच तिची मालमत्ता. अशा कंपन्या प्रामुख्यानं दोन बाजारांत नोंदलेल्या आहेत: कॅनडाचं टीएसएक्स व्हेंचर एक्स्चेंज आणि ऑस्ट्रेलियाचं एएसएक्स. त्यांची कार्यालयं बहुतेक व्हँकूव्हर नाहीतर पर्थमध्ये असतात.

ज्यानं मराठवाड्यात शेतात बोअर घेतलं आहे त्याला हा धंदा लगेच कळेल. बोअरची गाडी फुटावर पैसे घेते. पाणी लागो न लागो, बिल तेवढंच. दोनशे फुटांवर ओल दिसली की अजून शंभर फूट मारायचा मोह होतो, आणि पैसे उसने आणायची वेळ तिथेच येते. ज्युनिअर कंपनीही मीटरला पैसे मोजते. फरक असा की उसने पैसे ती भागधारकांकडून आणते आणि ते परत करायचं बंधन तिच्यावर नसतं.

बोअरचे दोन प्रकार असतात. आरसी पद्धतीत दगडाचा चुरा वर येतो. ती स्वस्त आणि झटपट असते. डायमंड पद्धतीत दगडाचा अखंड गोल दांडा, म्हणजे ‘कोअर’ निघतो. ती बरीच महाग, पण दगडाची रचना डोळ्यांनी दिसते. सुरुवातीचा अंदाज आरसीवर घेतला तरी चालतो. साठा मोजायच्या वेळी मात्र कोअर लागतोच.

पैसा संपतो, शेअर वाढत जातात

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून उदाहरण घेऊन सावकाश पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण रोजच्या व्यवहारातलंच आहे.

कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव २० सेंट. म्हणजे बाजारमूल्य २ कोटी डॉलर. बँकेत २० लाख डॉलर. ५,००० मीटर ड्रिलिंग करायचं, तपासणी आणि कॅम्पचा खर्च धरून मीटरला ३०० डॉलर, म्हणजे १५ लाख. पगार, ऑफिस आणि शेअरबाजाराची फी वर्षाला ८ लाख. वर्ष संपायच्या आत खातं रिकामं.

मग कंपनी ‘प्लेसमेंट’ करते. ओळखीच्या मोठ्या गुंतवणूकदारांना बाजारभावापेक्षा कमी दरानं नवे शेअर देते. १६ सेंटला अडीच कोटी शेअर, आले ४० लाख. पुढच्या वर्षी निकाल मध्यम लागले, भाव उतरला, १० सेंटला ४ कोटी शेअर, पुन्हा ४० लाख. तिसऱ्या वर्षी ८ सेंटला ५ कोटी शेअर, आणखी ४० लाख. आता एकूण शेअर साडेएकवीस कोटी. सुरुवातीला तुमचे एक लाख शेअर होते, ते आजही एक लाखच आहेत. पण कंपनीतला तुमचा वाटा हजारात एक होता, तो निम्म्याहून कमी झाला. भाव पुन्हा २० सेंटवर यायला कंपनीची किंमत २ कोटींवरून ४ कोटी ३० लाखांवर जावी लागेल. कंपनी मोठी झाली, खनिजही सापडलं, तरी शेअरधारक तोट्यात, असं होतं ते यामुळे.

त्यात वॉरंट येतात. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे नवा शेअर घ्यायचा हक्क. प्लेसमेंटमध्ये दर दोन शेअरमागे एक वॉरंट फुकट देणं नेहमीचं आहे. असे शेअर कॅनडात चार महिने विकता येत नाहीत. मुदत संपली की बरेच जण शेअर विकून मुद्दल मोकळं करतात आणि वॉरंट हातात ठेवतात. म्हणून कॅनडातल्या कंपनीचा शेअर प्लेसमेंटनंतर चार महिन्यांनी घसरला तर बातमी शोधत बसू नका, तारीख पाहा. ऑस्ट्रेलियात भागधारकांची परवानगी न घेता कंपनी वर्षाला १५ टक्के नवे शेअर काढू शकते, आणि छोट्या कंपन्या वार्षिक सभेत आणखी १० टक्क्यांची मुभा मिळवतात.

शिलकीचा अंदाज घ्यायला ऑस्ट्रेलियात एक फार उपयोगी कागद आहे: दर तिमाहीला येणारा ‘अपेंडिक्स ५बी’. त्याच्या शेवटच्या भागात, आहे त्या पैशात किती तिमाही निघतील, हा आकडा कंपनीला स्वतः लिहावा लागतो. तो दोनपेक्षा कमी असेल तर पैसे कुठून आणणार हेही सांगावं लागतं. शेअर घ्यायचा विचार असेल तर हा आकडा सगळ्यात आधी बघा, रंगीत सादरीकरण नंतर. कॅनडाच्या कंपन्यांची आर्थिक पत्रकं सेडार प्लस या सरकारी मान्यतेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शिल्लक भागिले तिमाहीचा खर्च, एवढा भागाकार तिथे आपण करायचा.

ड्रिलिंगचा निकाल कसा वाचायचा

कंपनीचं पत्रक साधारण असं येतं: ‘३१२ मीटर खोलीपासून १८ मीटर, १.९ टक्के टीआरईओ, त्यात ३ मीटर ८.४ टक्के.’ टीआरईओ म्हणजे सगळ्या रेअर अर्थच्या ऑक्साइडची बेरीज. शीर्षकात ८.४ टक्केच ठळक असतं.

कागद-पेन घ्या. १८ गुणिले १.९ म्हणजे ३४.२. त्यातले ३ गुणिले ८.४ म्हणजे २५.२. उरले ९. हे ९ उरलेल्या १५ मीटरमध्ये वाटले तर ०.६ टक्के येतात. म्हणजे दाट पट्टा फक्त तीन मीटरचा आहे आणि बाकीचा पंधरा मीटर दगड जवळजवळ कामाचा नाही. तीन मीटरची समृद्धी अठरा मीटरवर पसरून दाखवली आहे. हे खोटं नाही, नियमात बसतं. मात्र आपण गुणाकार केला नाही तर दिसत नाही.

दुसरी गोष्ट, १८ मीटर ही बोअरच्या दिशेनं मोजलेली लांबी आहे. खनिजाचा पट्टा तिरपा असेल आणि बोअर त्याच्या उतारालाच धरून गेलं असेल, तर खरी जाडी चार मीटरही असू शकते. पत्रकात ‘खरी जाडी’ दिली आहे का ते पाहा. ‘अजून निश्चित नाही’ असं लिहिलं असेल तर आकडा अर्धा-कच्चा समजा. तिसरी गोष्ट खोली. ३१२ मीटरवरचं खनिज काढायला उघडी खाण परवडेलच असं नाही, आणि भुयारी खाण कित्येक पटींनी महाग पडते.

आता पैशाचा हिशोब. १.९ टक्के म्हणजे एक टन दगडात १९ किलो ऑक्साइड. त्यात निओडिमियम-प्रेसिओडिमियमचा वाटा २० टक्के धरा, म्हणजे ३.८ किलो. प्रक्रियेत ६० टक्के हाती लागतं असं माना, उरले सव्वादोन किलो. किलोला ६० डॉलर भाव धरला तर साधारण १३५ डॉलर. कंपनीकडे धातू वेगळे करायचा कारखाना नसेल तर मिश्र माल विकावा लागतो आणि घेणारा त्याच्या किमतीच्या काही टक्केच देतो. ७० टक्के दिले तर ९५ डॉलर राहिले. बाकीचे १५ किलो मुख्यतः स्वस्तातले लँथेनम आणि सिरियम. या ९५ डॉलरमध्ये सुरुंग, वाहतूक, दळण, आम्ल, कचऱ्याचं तळं, कर आणि व्याज बसवायचं. म्हणून ‘जमिनीखाली इतक्या अब्ज डॉलरचा धातू’ हा आकडा निरर्थक असतो. कॅनडाच्या नियमांनी कंपन्यांना तो छापायला बंदीच केली आहे. तो दिसला तर बहुधा कुणा प्रचारकाच्या लेखात दिसेल. अशा लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात, हे लिहिण्यासाठी कंपनीकडून किती पैसे मिळाले ते दिलेलं असतं. तिथपर्यंत वाचा.

हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राचे आकडे किंवा ‘कोअरमध्ये खनिज डोळ्यांना दिसतंय’ अशी पत्रकंही येतात. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत त्यांना किंमत देऊ नका. लिथियम तर इतकं हलकं आहे की त्या यंत्राला ते दिसतच नाही.

टक्केवारी चांगली, तरी खाण का होत नाही

कारण धातू कुठल्या खनिजात अडकला आहे, हे टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं असतं. बॅस्टनसाइट, मोनाझाइट आणि झेनोटाइम या खनिजांमधून रेअर अर्थ काढायची पद्धत जगाला माहीत आहे. युडिअलाइटसारख्या खनिजात आम्ल घातलं की सिलिकेचा चिकट लगदा होतो आणि गाळणंच बंद पडतं. अशी कितीतरी ठिकाणं दशकानुदशकं नुसती नकाशावर आहेत.

गेल्या काही वर्षांत ‘आयोनिक क्ले’ हा शब्द फार चालला. चीनच्या दक्षिणेतल्या मातीत रेअर अर्थ कणांना वरवर चिकटलेली असतात. अमोनियम सल्फेटचं सौम्य पाणी सोडलं की सुटतात. त्यामुळे हजारातला एक भाग असला तरी परवडतं. कित्येक कंपन्यांनी आपल्याही मातीला तेच नाव दिलं. पत्रकातली ओळ तपासा: सामू (पीएच) ४ च्या आसपास अमोनियम सल्फेटनं धुतल्यावर किती टक्के सुटलं? त्याऐवजी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे आकडे दिले असतील तर ती साधी माती आहे, आणि तेवढं आम्ल विकत घेणं परवडत नाही.

मोनाझाइटबरोबर थोरियम येतं, काही ठिकाणी युरेनियम, आणि दोन्ही किरणोत्सारी. मग प्रश्न रसायनाचा राहत नाही, लोकांचा होतो. ग्रीनलंडच्या दक्षिणेतला क्वानेफ्येल्ड हा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियात नोंदलेली ज्युनिअर कंपनी तिथे वर्षानुवर्षं काम करत होती. एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत खाणीला विरोध करणारा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी युरेनियमचं प्रमाण दशलक्षात १०० भागांहून जास्त असलेल्या ठिकाणी खाणकामावर बंदी आली. साठा होता तिथेच राहिला, प्रकल्प अडला.

‘मोठा साठा सापडला’ या वाक्यात किती तथ्य असतं

फेब्रुवारी २०२३ आठवा. जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियम सापडल्याच्या बातम्या आल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं सांगितलं होतं ते लिथियमयुक्त खनिजाबद्दल, शुद्ध धातूबद्दल नाही. तेही ‘जी३’ पातळीवरचं, म्हणजे प्राथमिक अंदाज. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. खाण कंपन्यांना जी३ चा अर्थ माहीत होता.

परदेशी कंपन्यांच्या अहवालात यासाठी पायऱ्या असतात. खनिज आहे असा हिशोब म्हणजे ‘रिसोर्स’. त्यातही ‘इन्फर्ड’ हा सगळ्यात कच्चा, मग ‘इंडिकेटेड’, मग ‘मेजर्ड’. काढून विकलं तर फायदा होईल हे अभियंत्यांनी तपासलं की त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. अहवालात रिझर्व्हचा रकाना रिकामा असेल तर खाण परवडेल असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

हे नियम सहज आले नाहीत. कॅलगरीच्या ब्रे-एक्स या ज्युनिअर कंपनीनं इंडोनेशियात बुसांग इथे प्रचंड सोनं सापडल्याचं सांगितलं आणि तिचं बाजारमूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या पुढे गेलं. एरवी कोअर उभा चिरून अर्धा भाग फेरतपासणीसाठी जपून ठेवतात. इथे अख्खा कोअर भुकटी करून प्रयोगशाळेत जात होता आणि वाटेत त्यात नदीतलं सोनं मिसळलं जात होतं. मार्च १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीनं शेजारीच बोअर मारली तेव्हा हाती काही लागलं नाही. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीनं फसवणूक उघड केली आणि शेअर शून्यावर आला. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडानं ‘४३-१०१’ नावाची नियमावली आणली. ऑस्ट्रेलियात ‘जॉर्क’ संहिता आहे. अहवालाखाली जबाबदार तज्ज्ञाचं नाव आणि सही लागते ती या नियमांमुळे.

‘पण जगाला हे धातू हवेतच ना?’

२०१० सालीही हवे होते. चीननं निर्यात आवळली, भाव भडकले. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीची मालक मॉलिकॉर्प जुलै २०१० मध्ये १४ डॉलरला बाजारात आली आणि २०११ मध्ये शेअर ७० डॉलरच्या वर गेला. पुढे चीनचा माल पुन्हा वाहू लागला, वापर करणाऱ्यांनी महाग धातू कमी लागेल अशी रचना शोधली, भाव कोसळले. जून २०१५ मध्ये मॉलिकॉर्पनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्याकडे खरीखुरी खाण होती, हे विसरू नका. ऑस्ट्रेलियाची रेअर अर्थ कंपनी लायनस याच काळात २ डॉलरच्या वरून ५ सेंटच्या खाली गेली. जपानी धनकोंनी सवलत दिली म्हणून ती तगली, आणि आज वेगळे काढलेले रेअर अर्थ बनवणारी चीनबाहेरची ती सगळ्यात मोठी कंपनी आहे. तिच्या भागधारकांना मधली ती वर्षं काढावी लागली.

शोध लागल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत पंधरा वर्षं लागणं नेहमीचं आहे. आजच्या टंचाईच्या बातमीवर आज घेतलेल्या शेअरमागची खाण, झालीच तर, २०४० च्या सुमाराला होईल. तेव्हाचा भाव आज कुणालाही ठाऊक नाही.

‘आता सरकारच पैसे ओततंय, मग धोका कसला?’

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एमपी मटेरिअल्समध्ये ४० कोटी डॉलर घातले आणि निओडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोमागे किमान ११० डॉलर मिळतील अशी हमी दिली. ही घटना मोठीच आहे. चीननं भाव पाडून स्पर्धक संपवायचा, या जुन्या खेळाला पहिल्यांदाच ठोस उत्तर मिळालं. पण ही हमी एका कंपनीला आहे, जिच्याकडे चालू खाण आहे. ती तीच माउंटन पासची खाण, मॉलिकॉर्प बुडाल्यावर नव्या मालकांकडे आलेली. या बातमीनंतर ज्यांच्याकडे नुसता परवाना आहे अशा कंपन्यांचे शेअरही चढले. त्यांना ही हमी लागू नव्हती.

‘दहा कंपन्या घेतल्या तर एखादी तरी धावेल’

धावतेही. ऑक्टोबर २०२२ मध्ये डब्ल्यूए१ या कंपनीला पश्चिम ऑस्ट्रेलियात नायोबियम हा धातू सापडला. शोधाआधी २० सेंटच्या आत असलेला शेअर दोन वर्षांच्या आत १० डॉलरच्या वर गेला. अशी उदाहरणं घडतात म्हणूनच हा बाजार जिवंत आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र दहा कंपन्या घेतल्यानं धोका दहा ठिकाणी विभागला जात नाही. धातूचा भाव पडला की नव्या शेअरला घेणारे सगळ्यांनाच मिळेनासे होतात आणि दहाही एकदम घसरतात. लिथियममध्ये २०२२ नंतर हेच झालं. भाव ८० टक्क्यांहून जास्त उतरले आणि जानेवारी २०२४ मध्ये कोअर लिथियम या ऑस्ट्रेलियन कंपनीला आपली नवीकोरी फिनिस खाण थांबवावी लागली. शिवाय शोधाच्या दिवशीचा भाव टिकेलच असं नाही. १९६९ च्या सप्टेंबरात ८० सेंट असलेला पोसायडन हा निकेलचा शेअर पाच महिन्यांत २८० डॉलरवर गेला होता. ज्यांनी २०० च्या पुढे घेतला त्यांचं नुकसान भरून आलं नाही. पहिल्या निकालानंतर उत्साह, मग अभ्यास-परवाने-कर्ज यांची कंटाळवाणी वर्षं आणि घसरण, उत्पादन जवळ आलं की पुन्हा चढ, असा या शेअरचा आलेख असतो. कॅनडाचे उद्योजक पिएर लासाँद यांच्या नावानं तो ओळखला जातो. आपण आलेखाच्या कुठल्या टप्प्यावर शिरतोय, हे घेण्याआधी ठरवता यायला हवं. ते जमत नसेल तर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात राहून घ्यायचेच असतील तर

आपल्याकडे असे ज्युनिअर जवळपास नाहीत, कारण शोध लावणाऱ्याला खाणीचा हक्क आपोआप मिळत नाही, खाण लिलावात जाते. शोधासाठी वेगळा परवाना ऑगस्ट २०२३ च्या कायदादुरुस्तीनं आला. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइटवर प्रक्रिया करण्याचं काम आयआरईएल ही सरकारी कंपनी करते. त्यामुळे ‘भारताची रेअर अर्थ कंपनी’ म्हणून टेलिग्रामवर एखादा पेनी शेअर सुचवला गेला, तर तिच्याकडे नेमका कुठला परवाना आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

सिडनी-टोरोंटोतल्या मराठी मंडळींना हे शेअर साध्या ब्रोकरकडे मिळतात. भारतातून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तोवर पैसे अडकून राहतात. आपल्याकडची बरीच अ‍ॅप फक्त अमेरिकेच्या मुख्य बाजारांतले शेअर देतात, टीएसएक्स व्हेंचर किंवा एएसएक्स नाही.

खरेदी नेहमी ठरलेल्या भावाची, म्हणजे लिमिट ऑर्डरच टाका. या शेअरमध्ये दिवसाला काही हजार डॉलरचाच व्यवहार होतो आणि बाजारभावानं ऑर्डर टाकली तर १० टक्के वर लागू शकते. विकताना तेच उलटं. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये हे शेअर दाखवावे लागतात, एक लाखाचे असले तरी. २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल आणि शेअर प्रत्यक्ष विकला असेल तरच. म्हणून बुडत्या कंपनीतून बाहेर पडायचं तर तिचे व्यवहार बंद व्हायच्या आधी पडा. डिलिस्ट झालेला, म्हणजे बाजारातून नोंद काढलेला शेअर घ्यायला कुणी नसतं, आणि विक्रीच न झाल्यामुळे तो तोटा कागदावर दाखवणंही अवघड होऊन बसतं.